ओढ्याच्या पल्याड

भाऊबीजेला मामा जेवून, ओवाळून घेऊन निघून गेला आणि आई तबकातल्या अक्षता, सुपारी, विझलेलं निरांजन आवरत होती. घरात अजून तेलाचा नि उदबत्तीचा वास होता. मी आतल्या खोलीतून हाक मारली, "आई, जरा इकडं ये. तुला तुझं घर दाखवतो." दोन महिने रात्री जागून केलेलं काम आदल्या दिवशीच पुरं झालं होतं आणि ते दाखवायला याहून चांगला मुहूर्त नाही असं मला वाटत होतं. आई पदराला हात पुसत आली, चष्मा चढवला, खुर्चीच्या अगदी कडेला बसली. पडद्यावर उजनी धरणाचं आटलेलं पात्र होतं, २०१६ च्या उन्हाळ्यात उपग्रहानं टिपलेलं. भेगाळलेला करडा गाळ, त्यातून वळत गेलेली ओढ्याची काळसर रेघ आणि त्या रेघेच्या खालच्या अंगाला मी लावलेली पिवळी टाचणी. टाचणीशेजारी नाव, ‘आईचं माहेर’. ती बराच वेळ बघत राहिली. मग काचेला बोट न लावता हवेतच बोट फिरवत म्हणाली, "हा ओढा न्हवं?" मी हो म्हटलं. "आन् ही नदी?" हो. बोट परत ओढ्यावर आलं आणि थांबलं. पुण्यात पन्नासहून जास्त वर्षं काढली तरी गावाचा विषय निघाला की तिची भाषा गावाकडची होते. "आरं, ओढ्याच्या पल्याड आमचं घर न्हवतं. पल्याड मसणवट होतं." एवढं बोलून ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. रात्री जेवताना त्यावर एक शब्द बोलली नाही. मीही विचारलं नाही.

आईचं माहेर मी मसणवटात नेऊन ठेवलं होतं.

नकाशांचं हे वेड तसं जुनं. घरात इंटरनेट आलं त्या वर्षी एका मित्रानं गूगल अर्थ उतरवून दिलं होतं. निळा गोल हळूहळू फिरायचा, बोटानं चाक फिरवलं की आपण आभाळातून कोसळत खाली यायचो, आणि पुण्याची गल्ली, गल्लीतलं आपलं छप्पर, छपरावरची काळी टाकी दिसायची. आपलं घर सापडलं की माणूस दुसऱ्यांदा शोधतो ते आजोळ. मीही शोधलं. करमाळा तालुका, भीमेचा काठ, सगळं मिळालं, पण जिथं गाव असायला हवं तिथं निळं-हिरवं पाणी होतं. नाव होतं, ते दोन-अडीच कोस वर माळावर लिहिलेलं, सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्यांच्या नव्या गावठाणावर. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. धरण १९८० साली पुरं झालं, गाव त्याआधीच उठलं, मामा नव्या गावठाणात राहतो, त्याच्या घराला जुन्या घराची सागवानी चौकट आणि तुळया आहेत, हे सगळं मी लहानपणापासून बघत आलो. पण कानानं ऐकलेलं ‘गाव पाण्यात गेलं’ आणि डोळ्यांनी, वरून, त्या जागी पाणीच पाणी बघणं यांत फार अंतर आहे. त्या रात्री मी संगणक बंद करून बराच वेळ अंधारात बसलो होतो. मला त्या गावाची एकच आठवण आहे. माळवदावर गोधडीत झोपलेलो, थंडी, आणि खाली नदीच्या वाळूतल्या कलिंगडाच्या वाडीतून कुणीतरी कोल्ह्यांना हाकलतंय त्याचा आवाज. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेन.

तेव्हापासून दिवसभर हिशेबाच्या वह्या आणि रात्री दहानंतर नकाशे, असं चाललं आहे. माझ्या संगणकात ‘नवलाई’ नावाचा एक कप्पा आहे. जगाच्या नकाशात सापडलेल्या चमत्कारिक गोष्टींच्या टाचण्या त्यात जमवल्या आहेत. उडतं विमान उपग्रहाच्या चित्रात सापडलं तर त्याच्या अंगाला लाल, हिरवी, निळी अशी वेगवेगळी सावटं असतात, कारण उपग्रह प्रत्येक रंग क्षणभराच्या फरकानं टिपतो आणि तेवढ्यात विमान पुढं सरकलेलं असतं. दोन वेगळ्या महिन्यांतली चित्रं शेजारी-शेजारी जोडलेली असतात, त्यामुळे एखादा जलाशय मधोमध सुरीनं कापल्यासारखा दिसतो, अलीकडे तुडुंब आणि पलीकडे कोरडा. आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, अक्षांश शून्य आणि रेखांश शून्य जिथं भेटतात तिथं समुद्रात हवामान मोजणारी एक तरंगती बोया ठेवलेली होती. ज्या माहितीत जागेचे आकडे भरायचे राहून गेले, ती सगळी संगणकाच्या हिशेबानं तिथं जाऊन पडते. नकाशावाले त्या जागेला शून्य बेट म्हणतात. शाळा, दवाखाने, अपघात, दुकानं, जगभरातल्या हरवलेल्या पत्त्यांची रास त्या एका लाटेवर.

या सगळ्यांत माझ्या मनाला लागलेलं आहे ते सँडी बेट. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनिया यांच्या मधल्या कोरल समुद्रात हे बेट नकाशांवर होतं. १८७६ साली एका देवमासे मारणाऱ्या जहाजानं त्याची नोंद केली आणि मग एका नकाशावरून दुसऱ्यावर, कागदावरून संगणकावर ते उतरत गेलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाचं एक संशोधन जहाज त्याच जागेवर गेलं तर तिथं बेट नव्हतं. समुद्र होता, तोही हजार मीटरहून खोल. शंभर-सव्वाशे वर्षं जगाला माहीत असलेलं एक बेट कधी नव्हतंच. ही बातमी वाचली त्या दिवशी मी पहिल्यांदा ठरवलं की आईचं गाव नकाशावर परत लावायचं. जी जमीन कधी नव्हती तिला इतकी वर्षं नाव आणि किनारा मिळतो, आणि जिथं शे-दोनशे चुली पेटत होत्या, लग्नं लागत होती, त्या जागेवर नुसता निळा रंग. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मोबाइलवर हे काम होत नाही. लोक म्हणतात की आता सगळं मोबाइलवर मिळतं, पण मागच्या काळात जायला बरीच वर्षं मेजावरचा संगणकच लागायचा. २००९ पासून गूगल अर्थमध्ये जुनी चित्रं बघायची एक सरकपट्टी आली. तिचं बोंडूक डावीकडे ओढलं की वर्षं मागे जातात. उजनीवर मी ती कित्येक रात्री नुसती मागे-पुढे केली आहे. पाणी वर येतं, पसरतं, ओहोटतं, मग गाळ उघडा पडतो, गाळावर हिरव्या चौकोनी चिंध्या दिसू लागतात, त्या गाळपेरीच्या. पाण्यामागे धावत नेलेले मोटारींचे चर केसांसारखे बारीक दिसतात. या धरणाचा मृतसाठाच, म्हणजे दारांतून सोडता न येणारं तळाचं पाणी, वरच्या वापरायच्या चल साठ्याहून मोठा आहे. तळाशी जवळजवळ चौसष्ट टीएमसी आणि त्याच्यावर त्रेपन्न-चोपन्न. म्हणून ‘उजनी मायनसमध्ये गेली’, म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरलं, हे वाक्य सोलापूरकडच्या माणसाला कानाआडून ऐकू आलं तरी तो चहाचा कप खाली ठेवतो. मलाही त्या वाक्यानं धस्स होतं, पण त्याच्या मागोमाग दुसरंही काहीतरी होतं आणि त्याची लाज वाटते. उजनी मायनसमध्ये गेली म्हणजे पळसदेवचं देऊळ उघडं पडणार, आणि पाणी अजून उतरलं तर कदाचित आमचंही गाव. लोकांचा ऊस वाळत असताना मी नव्या उपग्रहचित्राची वाट बघत असतो.

काम असं होतं. धरणाआधीच्या काळातल्या एक इंच म्हणजे एक मैल प्रमाणाच्या टोपोशीटचं, म्हणजे जमिनीच्या चढउताराच्या नकाशाचं, स्कॅन माझ्याकडे होतं. पिवळट कागद, तपकिरी समोच्चरेषा, काळ्या ठिपक्यांचं गाव, देवळाची खूण, निळी नदी. हा कागद आजच्या पृथ्वीवर नेमका बसवायचा. त्यासाठी क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर आहे, २००२ मध्ये एका माणसानं सुरू केलेलं आणि आता जगभरातल्या लोकांनी वाढवलेलं, कुणालाही फुकट. त्यातल्या जिओरेफरन्सरमध्ये कागदावरच्या एका जागेवर टिचकी मारायची आणि सांगायचं की ही जागा पृथ्वीवर अमुक अक्षांश-रेखांशावर आहे. अशा पाच-दहा जागा सांगितल्या की सॉफ्टवेअर कागद ताणून, फिरवून, वाकवून जागेवर अंथरतं आणि किती चुकलं तेही आकड्यात सांगतं. मी कागदावरच्या अक्षांश-रेखांशाच्या रेघा जिथं एकमेकींना छेदतात ते बिंदू घेतले, कारण त्यांचे आकडे कागदावरच छापलेले असतात. चूक अगदी नगण्य दाखवत होतं. माझा संगणक म्हातारा, त्याच्या पंख्याची घरघर शेजारच्या खोलीत ऐकू जायची, कागद अंथरायला दहा-दहा मिनिटं लागायची. पण पहिल्यांदा तो पिवळट कागद निळ्या पाण्यावर उमटला तेव्हा मी एकट्यानंच खोलीत टाळी वाजवली. पाण्याच्या पोटातून गाव वर आलं होतं.

आणि तरीही आई म्हणाली, पल्याड मसणवट होतं.

तिचं चुकलं असेल, असं मी आधी म्हणून बघितलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईला साठ वर्षांपूर्वीचा ओढा कोणत्या अंगाला होता हे आठवतं, की माझ्या आकड्यांना? पण असं म्हणताना मला माझाच राग येत होता. ती त्या ओढ्यात धुणं धुवत मोठी झाली. मसणवट कुठं आहे हे गावातलं पोर चालायला लागल्यापासून शिकतं, कारण तिकडं जायचं नसतं. मग मी सगळं पुन्हा तपासायला घेतलं. आधी वाटलं, जमिनीच्या चढउतारावरून ओढ्याचं पात्र नीट कळेल. पण गूगल अर्थमधलं तिथलं चित्र तिरकं केलं तर आटलेलं धरणही टेबलासारखं सपाट दिसतं. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानानं ११ दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारनं जमिनीची उंची मोजली, ते आकडे आजही पुष्कळ ठिकाणी वापरात आहेत. रडार पाण्याच्या आत शिरत नाही. त्या फेब्रुवारीत तिथं पाणी होतं, म्हणून पाण्याचा पृष्ठभाग हीच तिथली जमीन ठरली. गावाची पांढरी, नदीकाठची उतरण, मारुतीच्या देवळाची चढण, सगळं त्या एका मोजणीत सपाट झालं.

उत्तर सापडायला तीन आठवडे लागले. ते मी पूर्वी वाचलेलंही होतं. आपल्या जुन्या टोपोशीटांवरचे अक्षांश-रेखांश आणि आज उपग्रह सांगतात ते अक्षांश-रेखांश हे एकच नव्हेत. पृथ्वी नेमकी गोल नाही, थोडी चेपलेली आहे, आणि किती चेपलेली हे गृहीत धरल्याशिवाय आकडे बसवता येत नाहीत. जॉर्ज एव्हरेस्टनं १८३० मध्ये भारतातल्या मोजणीवरून पृथ्वीचा एक आकार ठरवला. मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरला आरंभबिंदू धरून देशभराचं मोजमाप त्या आकारावर बांधलं गेलं. तो आकार भारताच्या जमिनीला छान बसतो, पण त्याचा मध्य पृथ्वीच्या खऱ्या मध्याशी जुळत नाही. उपग्रह पृथ्वीच्या मध्याभोवती फिरतात, त्यांचा हिशेब वेगळ्या आकारावर, तो १९८४ चा. त्यामुळे कागदावर छापलेला आकडा तसाच उपग्रहचित्रावर ठेवला तर आमच्या भागात जागा साधारण दीडशे मीटर चुकते. खरी जागा वायव्येला राहते. सॉफ्टवेअरनं मला विचारलं होतं की हे आकडे कोणत्या पृथ्वीवरचे, आणि मी जे आधीपासून निवडलेलं होतं ते तसंच ठेवून पुढं गेलो होतो. चूक दिसली नाही, कारण सगळेच बिंदू सारखे सरकले होते. एका दिशेनं सगळेच सरकले की आतल्या आत सगळं जुळतं. त्यांच्याबाहेरचं काहीतरी लागतं, तेव्हाच कळतं. इथं बाहेरची साक्ष होती आईची.

पृथ्वी बदलून कागद पुन्हा अंथरला. टाचणी ओढा ओलांडून अलीकडे आली.

पण आता माझा माझ्यावर विश्वास नव्हता. आईसमोर पुन्हा चुकीचं काही ठेवायचं नव्हतं. म्हणून मी कोरोनाकडे वळलो. महामारीनं हे नाव सगळ्यांच्या तोंडात कडू केलं, पण त्याच्या कितीतरी आधी, १९६० ते १९७२ या काळात, अमेरिकेच्या हेर उपग्रहांचं हे नाव होतं. त्यांच्यात डिजिटल काही नव्हतं. खरीखुरी फिल्म होती. ती भरली की डबा अवकाशातून खाली सोडायचे आणि हवाई छत्रीला लटकलेला तो डबा विमानानं हवेतच झेलायचे. शत्रूची क्षेपणास्त्रं शोधायला केलेल्या या उद्योगात आठ लाखांहून अधिक चित्रं निघाली आणि १९९५ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. शेवटच्या काळातल्या कॅमेऱ्यांना दीड-दोन मीटरपर्यंतची वस्तू दिसायची. एकेक पट्टी अडीच फूट लांब, जमिनीवर सुमारे १४ किलोमीटर रुंद आणि १८८ किलोमीटर लांब. भीमाकाठावरून गेलेली, १९७० च्या आसपासची एक पट्टी मला मिळाली. ती उतरवायला रात्र गेली. कॅमेरा कडेकडेनं फिरत चित्र घेई, त्यामुळे पट्टीची टोकं च्युइंगमसारखी ताणलेली असतात. ती बसवायला मी पाण्यात न गेलेल्या जागा शोधल्या. डिकसळचा ब्रिटिशांच्या काळातला जुना रेल्वेपूल, ज्यावरून आता रेल्वे जात नाही. माळावरच्या दोन टेकड्या. वरच्या अंगाच्या जुन्या गोल विहिरी, त्या तशाच आहेत. सत्तावीस बिंदू लावले. एकेका बिंदूसाठी तासतास पांढऱ्या-काळ्या दाण्यांकडे बघत बसायचं, डोळे पाणवायचे, बायको येऊन दिवा लावून जायची.

मग मी पट्टीतल्या त्या जागेवर उतरलो. पहाटेचे दोन वाजले असतील. पाणी नव्हतं. नदीचं पात्र पांढरंशुभ्र, वाळूचं, त्यात कडेला बारीक काळे चौकोन, त्या कलिंगडाच्या वाड्या असाव्यात. काठावर गाव होतं. माळवदाची घरं मातीचीच, मातीच्याच रंगाची, ती दिसतच नाहीत. दिसतात त्यांच्या सावल्या. चित्र हिवाळ्यातलं, सावल्या लांब, आणि त्या काळ्या रेघांच्या कडांवरून घरं, बोळ, वेस ओळखायची. एका क्षणी माझ्या लक्षात आलं की ही फिल्म उघडली त्या क्षणी आजी त्यांतल्याच एका सावलीच्या आत असणार. चुलीपाशी असेल, किंवा दारात धान्य पाखडत. वरून एक डोळा गेला आणि तिला कळलंही नाही. मी उठून पाणी प्यायलो आणि परत येऊन बसलो.

संक्रांतीच्या आदल्या रविवारी आईला पुन्हा बोलावलं. या वेळी मी टाचण्या सगळ्या लपवल्या होत्या. नुसतं चित्र समोर ठेवलं आणि काही बोललो नाही. ती म्हणाली, "केवढी झाडं होती." नंतर बराच वेळ शांतता. मग तिचं बोट हवेत उठलं आणि चालायला लागलं. ही वेस. हा मारुती. हा पार. इथनं बोळ, बोळाच्या तोंडाशी आड. "आडावरनं पाणी घिऊन घरी येताना सकाळचं ऊन डोळ्यावर यायचं. डोक्यावर हंडा, हात वर करता येत न्हाई, मान खाली घालून चालायचं." मी आडाचा काळा ठिपका बघितला आणि लपवलेली टाचणी उघडली. ती ठिपक्याच्या पूर्वेला होती, दोन घरं सोडून. आई पुढं झुकली. चष्मा काढून पुसला, परत लावला. "हां," म्हणाली. "हेच."

त्या दिवशी जेवायला तीन वाजले. ती सांगत गेली आणि मी लावत गेलो. सुताराचं घर, कासाराचं, मास्तरांचं, जोत्यावर कायम मांजर बसलेलं असायचं ते एक, जिथं रेडिओ पहिल्यांदा आला ते. एकाबद्दल खात्री नव्हती म्हणून मामाला फोन लावला, तो स्पीकरवर भांडायला लागला की ते घर पाराच्या डावीकडे नव्हे, उजवीकडे, आणि दोघं बहीणभाऊ अर्धा तास साठ वर्षांपूर्वीच्या एका भिंतीवरून वाद घालत होते. एकतीस टाचण्या झाल्या. मला वाटलं आता झालं. मी फाइल सेव्ह करत होतो तेव्हा आई खुर्चीतून न उठता म्हणाली, "ती पयली टाचणी काढलीस का रं?"

"कधीच काढली," मी म्हटलं. "चुकीची होती ना."

"परत लाव."

मला काही कळेना. ती पडद्याकडे बघत होती, ओढ्याच्या पलीकडे, जिथं घरांच्या सावल्या संपतात आणि नुसता पांढुरका माळ सुरू होतो. "धाकटा हाय तिथं," ती म्हणाली. आईला मामाच्या पाठचा आणखी एक भाऊ होता, हे मला पन्नाशी उलटल्यावर तेव्हा कळलं. अडीच वर्षांचा. तापात गेला. एवढ्या लहानाला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. गाव उठलं तेव्हा लोकांनी तुळया नेल्या, चौकटी नेल्या, मारुतीची मूर्ती वाजतगाजत वर नेली. भाऊबीजेच्या त्या दुपारी ती बोलायचं सोडून स्वयंपाकघरात का गेली, ते तिनं सांगितलं नाही आणि मला विचारावं लागलं नाही.

मी पिवळी टाचणी उचलली आणि ओढ्यापलीकडे नेली. "इथं?" ती म्हणाली, "जरा वर. बाभळीखाली." चित्र मोठं केलं. दाणे फुटले, पांढऱ्यात पांढरं मिसळलं, आणि त्यात एक लहानसा काळा ठिपका उरला, डावीकडे सावली टाकणारा. टाचणी त्याच्या बुडाशी ठेवली. नावाच्या चौकटीत कर्सर लुकलुकत होता. मी विचारलं, "काय लिहू?"

"काय नगं लिहू," आई म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.